गादी : परभणी जिल्ह्यातील शय्यापरंपरा

निजण्यासाठी किंवा बसण्यासाठी जमिनीवर, खाटेवर वा पलंगावर अंथरावयाचे, कापडी खोळीत मऊ भराव घालून तयार केलेले जाड अंथरूण म्हणजे गादी. भरावासाठी कापूस, सावरीचा कापूस, लोकर, पिसे, गवत व काथ्या हे पदार्थ पूर्वापार वापरात असून विसाव्या शतकात त्यांत रबरी व कृत्रिम फेस (फोम) आणि पोलादी स्प्रिंगा यांची भर पडली. राजपद, धर्मपीठ आणि व्यापाऱ्याची पेढी या अर्थांनीही ‘गादी’ हा शब्द मराठीत रूढ आहे. जमिनीवर वा साध्या अंथरुणावर बसणाऱ्यांच्या समाजात गादीवर बसणे हे अधिकाराचे लक्षण मानले जाई, हे या अर्थविस्तारावरून दिसते. मराठवाड्यातील परभणी जिल्हा हा काळ्या कसदार जमिनीचा व कापसाचा प्रदेश आहे. तरीही कापूस पिकविणाऱ्या बहुसंख्य कुटुंबांना कापसाची गादी दीर्घकाळ दुर्मीळच होती. गादीच्या निवडीचा या जिल्ह्यातील इतिहास म्हणूनच शेती, कारागिरी व सामाजिक स्थिती यांच्याशी निगडित आहे.

प्राचीन उल्लेख : महाराष्ट्रात कापसाच्या धाग्याचा पुरावा बराच जुना आहे. गोदावरी खोऱ्याच्या वरच्या भागातील नेवासे येथे उत्खननात सापडलेल्या ताम्रपाषाणयुगीन दफनात मण्यांची माळ मिळाली असून तिच्या दोऱ्यात कापसाचे तंतू आढळले. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील पेरिप्लस या ग्रीक ग्रंथात पैठण व तगर (तेर) या नगरांतून भडोच बंदराकडे जाणाऱ्या मालाचे वर्णन असून तगरच्या मालात कापडाचा समावेश आहे. परभणीचा प्रदेश या दोन नगरांच्या परिसरातच येतो. शय्येविषयीची दोन भिन्न मते प्राचीन वाङ्‌मयात आढळतात. चरकसंहितेत आहार, निद्रा व ब्रह्मचर्य हे शरीराचे तीन आधार मानले असून निद्रानाशावरील उपायांत चांगले अंथरलेले बिछाने व सुखकर निवास यांचा निर्देश केला आहे. याउलट बौद्ध विनयग्रंथांनी भिक्षूंना उंच व थोर शय्या वर्ज्य ठरविली आणि कापूस भरलेल्या मंचकावरही निर्बंध घातला. मऊ शय्या ही एका दृष्टीने आरोग्याचे साधन, तर दुसऱ्या दृष्टीने विलासाचे चिन्ह होते. हे द्वैत पुढेही टिकून राहिले.

बाज, वाकळ व घोंगडी : जिल्ह्यातील ग्रामीण घरांत निजण्याचे मुख्य साधन बाज हे होते. चार पायांच्या लाकडी चौकटीवर दोरीची वीण घालून बाज तयार करीत. या दोरीसाठी लागणारा वाख अंबाडीपासून मिळे. अंबाडी शेताच्या बांधालगत किंवा इतर पिकांत ओळीने पेरीत. तिची ताटे पाण्यात कुजवून साल सोलत व तिच्यापासून वाख काढीत. सुखवस्तू घरांत वाखाच्या दोरीऐवजी नवारीचे पलंग असत. बाजेची वीण सैल पडली म्हणजे मध्ये झोळ येतो व पाठीला बाक येतो. म्हणून पायथ्याकडील दोरी वरचेवर ताणून घ्यावी लागते. मे महिन्यात येथे दिवसाचे तापमान ४०° से. च्या वर जाते. अशा दिवसांत अंगणात टाकलेल्या बाजेवर खालून वारा लागत असल्याने झोप सुखाची होते. बाळंतिणीसाठी बाज विशेष महत्त्वाची मानली जाई. तिच्याखाली शेगडी ठेवून शेक व ओवा-शेपांची धुरी देण्याची चाल होती. बाजेच्या विणीत व सांध्यांत ढेकूण होतात, हा तिचा मोठा दोष होय. त्यावर कडक उन्हात बाज टाकणे व सांध्यांत उकळते पाणी ओतणे हे घरगुती उपाय केले जात.

बाजेवर किंवा सारवलेल्या भुईवर अंथरण्यासाठी वाकळ वापरीत. जुनी लुगडी व धोतरे यांचे थर एकावर एक ठेवून स्त्रिया धावदोऱ्याने वाकळ शिवीत. जुन्या कापडाचा पुनर्वापर, धुण्याची सोय व टिकाऊपणा हे तिचे गुण होत. मात्र तिच्यात भराव नसल्याने कठीण भुईपासून शरीराला फारसा आधार मिळत नाही. थंडीत धनगरांनी दख्खनी मेंढीच्या लोकरीपासून विणलेली घोंगडी वापरीत. तिच्या सुताला चिंचोक्याची खळ देत. शेतात राखणीला जाणाऱ्यांना घोंगडी अंथरण्यास व पांघरण्यासही उपयोगी पडे.

वाकळ ही गरिबीची खूण असली, तरी लोकमानसात तिला आदराचे स्थान मिळाले. संत जनाबाई परंपरेनुसार याच जिल्ह्यातील गंगाखेडच्या. महिपतीने भक्तविजय (१७६२) या ग्रंथात सांगितलेल्या कथेनुसार विठ्ठल रात्री जनीच्या घरी येतो व पहाटे घाईने परतताना आपले पदक तेथे विसरून तिची वाकळ पांघरून जातो. जनीवर चोरीचा आळ येतो व पुढे तो दूर होतो. देवाने दासीची वाकळ स्वीकारली, हा या कथेचा गाभा होय. ज्या समाजात अंथरुणावरून माणसाची पायरी ओळखली जाई, त्या समाजात ही कथा जन्मली व टिकली हे लक्षणीय आहे.

कापूस व गादी : गादी प्रामुख्याने देशमुख-देशपांड्यांचे वाडे, सावकारी पेढ्या व शहरवस्तीतील सधन घरे येथे आढळे. बैठकीत गादी, लोड व तक्के असत. आंदणात पलंग व गादी देण्याची प्रथा या वर्गातून पुढे इतरत्रही पसरली आणि वधूपित्याच्या खर्चात भर पडली. विसाव्या शतकाच्या प्रारंभी हैदराबाद–मनमाड लोहमार्ग सुरू झाल्यावर सेलू, मानवत, परभणी व पूर्णा या भागांतील कापूस दूरच्या बाजारांशी जोडला गेला व सरकी काढण्याचे आणि गठाणी बांधण्याचे कारखाने निघाले. नांदेड येथील उस्मानशाही गिरणी ही या पट्ट्यातील कापसाची जवळची ग्राहक होती. निजामी राजवटीतील ‘गावरानी’ हा देशी कापूस गिरण्यांच्या पसंतीचा होता. रोख पैसा देणारे पीक म्हणून कापूस विकला जाई. सारा, देणी व सावकाराचे व्याज भागविताना घरासाठी चांगला कापूस राखून ठेवणे लहान शेतकऱ्याला परवडत नसे. गादी भरावयाचीच झाली, तर ती शेवटच्या वेचणीच्या किंवा डागी, कवडी कापसाची भरीत. मजुरीने कापूस वेचणाऱ्या स्त्रियांच्या घरी तर वाकळच असे.

गादीसाठी सर्व प्रकारचा कापूस सारखा उपयुक्त नसतो. सूतकताईला लांब व तलम धागा लागतो. गादीला मात्र आखूड, जाडसर व काहीसा राठ धागा अधिक मानवतो, कारण तो लवकर दबून सपाट होत नाही. देशी कापसाच्या आखूड धाग्याच्या जाती या दृष्टीने उपयुक्त होत. परभणी येथे १९७२ मध्ये कृषी विद्यापीठ स्थापन झाले. त्याच्या संशोधनातून देशी कापसाच्या सुधारित जाती निघाल्या, तथापि त्यांतील भर लांब धाग्यावर म्हणजे गिरणीच्या गरजेवर होता. संकरित वाणांच्या प्रसारामुळे व २००२ मध्ये बीटी कापसाला मान्यता मिळाल्यानंतर देशी कापसाचे क्षेत्र फारच घटले. बाजारातील स्वस्त गाद्यांत गिरण्यांतील टाकाऊ कापूस किंवा चिंध्या पिंजून केलेला भराव वापरला जाऊ लागला. असा भराव लवकर गोळा होतो व त्यातून धूळही अधिक निघते.

पिंजारी : गादी तयार करण्याचे काम पिंजारी करीत. नदाफ व मन्सुरी या नावांनीही ओळखला जाणारा हा मुसलमान कारागीर समाज आहे. मन्सुरी हे नाव बगदाद येथे ९२२ मध्ये देहदंड झालेले सूफी संत मन्सूर अल्-हल्लाज यांच्याशी जोडले जाते. ‘हल्लाज’ या अरबी शब्दाचा अर्थच कापूस पिंजणारा असा आहे. पिंजाऱ्याचे मुख्य साधन म्हणजे मोठी लाकडी कमान. तिला जनावराच्या आतड्याची तात बांधलेली असते. कापसाच्या ढिगात तात धरून तीवर लाकडी ठोकळ्याने आघात केले म्हणजे तिच्या कंपनांनी तंतू सुटे होतात, केरकचरा खाली पडतो व दबलेला कापूस फुगतो. चरख्यासाठी लागणारे पेळूही अशाच पिंजलेल्या कापसाचे करीत. पिंजलेला कापूस गादीपाटाच्या खोळीत भरून काठीने बडवून सारखा करीत आणि दाभणाने आरपार टाके घालीत. टाके विरळ पडल्यास कापूस सरकतो, फार दाट पडल्यास गादी कठीण होते. एका माणसाच्या गादीला सामान्यतः ८ ते १२ किग्रॅ. कापूस लागतो.

पावसाळा संपल्यावर व लग्नसराईपूर्वी पिंजारी कमान खांद्यावर घेऊन गावोगाव फिरत. तातेच्या विशिष्ट आवाजावरून ते आल्याचे कळे. जुनी गादी उसवून, कापूस उन्हात वाळवून, पुन्हा पिंजून भरून घेण्याची पद्धत असल्याने एकच कापूस अनेक वर्षे वापरात राही. गादी ही तयार विकत घेण्याची नव्हे, तर घरातील कापसातून अंगणात करवून घेण्याची व वेळोवेळी नवी करण्याची वस्तू होती. कापूस किती घालावयाचा, गादी किती घट्ट ठेवावयाची, हे निजणाऱ्याच्या सांगण्याप्रमाणे ठरे. या कामाची किंमत कारागिराच्या शरीरालाही मोजावी लागे. कापसाच्या धुळीत दीर्घकाळ काम करणाऱ्यांना बिसिनोसिस हा श्वसनविकार जडण्याचा संभव असतो. पिंजण्याची यंत्रे आल्यावर हातकमान मागे पडली, आणि तयार गाद्यांच्या प्रसारामुळे फिरत्या पिंजाऱ्यांचा व्यवसाय क्षीण झाला.

नवे प्रकार : स्प्रिंगांच्या गाद्या यूरोप-अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून प्रचारात आल्या. प्रत्येक स्प्रिंग स्वतंत्र कापडी पिशवीत बसविण्याची पद्धत १९०० च्या सुमारास जेम्स मार्शल यांनी काढली. पॉलियुरेथेनाचा शोध ओटो बायर व त्यांचे सहकारी यांनी १९३७ मध्ये जर्मनीत लावला. त्यापासून केलेला लवचिक फेस १९५० नंतर गाद्यांसाठी सर्रास वापरला जाऊ लागला. शरीराच्या उष्णतेने व दाबाने आकार घेणारा ‘मेमरी फोम’ अमेरिकेत १९६६ मध्ये विमानातील आसनांसाठी झालेल्या संशोधनातून निघाला. भारतात नारळाच्या काथ्यावर रबरी चीक चढवून केलेल्या गाद्या लोकप्रिय झाल्या. त्या घट्ट व हवेशीर असतात, परंतु वापराने मध्यभागी दबतात व पुन्हा पिंजता येत नाहीत. फेसाची गादी हलकी असते व तिच्यावर धूळ कमी साचते. परंतु तिच्यातून हवा कमी खेळते व उन्हात ठेवल्यास फेस खराब होतो. कापूस प्रमाणित आर्द्रतेत आपल्या वजनाच्या सु. ८·५ टक्के ओलावा धरून ठेवतो, तर पॉलिएस्टरात हे प्रमाण केवळ सु. ०·४ टक्के असते. घाम शोषण्याच्या या गुणामुळे उष्ण प्रदेशात कापसाची गादी सुखावह वाटते. मात्र हाच ओलावा पावसाळ्यात तिला जड व कुबट करतो, म्हणून तिला नियमितपणे ऊन द्यावे लागते.

निवड : कठीण अंथरुणावर निजणे पाठीला हितावह, ही समजूत सर्वत्र रूढ होती आणि वैद्यकातही ती दीर्घकाळ मान्य होती. स्पेनमध्ये जुनाट कंबरदुखीच्या ३१३ रुग्णांवर केलेल्या व २००३ मध्ये लॅन्सेट या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या पाहणीने तिला छेद दिला. ९० दिवसांनंतर कठीण गादीपेक्षा मध्यम घट्ट गादीवर निजणाऱ्यांना वेदना व हालचालीतील अडचण कमी असल्याचे तीत आढळले. फार मऊ गादीत कमरेचा भाग खोल जातो, तर फार कठीण गादीवर खांदा व खुबा यांवर दाब येतो. पाठीचा कणा उताणे वा कुशीवर निजले असता नैसर्गिक स्थितीत राहणे, हीच योग्य गादीची कसोटी होय. कुशीवर निजणाऱ्यास काहीशी मऊ व जड देहाच्या व्यक्तीस अधिक घट्ट गादी मानवते. तान्ह्या मुलांना मात्र घट्ट व सपाट अंथरुणावर उताणे निजवावे. मऊ गादी, उशी व सैल पांघरुणे यांमुळे त्यांचा श्वास कोंडण्याचा धोका असतो. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांना शय्याव्रण होऊ नयेत म्हणून हवेच्या किंवा पाण्याच्या गाद्या देतात.

परभणीसारख्या उन्हाळा कडक व हिवाळ्यातील काही रात्री गारठ्याच्या असणाऱ्या जिल्ह्यात एकच गादी सर्व ऋतूंत सारखी सोयीची ठरत नाही. उन्हाळ्यात ताणून विणलेल्या बाजेवर पातळ कापसाची गादी किंवा वाकळ, आणि थंडीत जाड गादी व घोंगडी, ही जुनी व्यवस्था याच अनुभवातून आली होती. मात्र तीत निवडीला वाव होता तो ज्याच्या घरी कापूस उरे त्यालाच. तयार गाद्यांमुळे मऊ अंथरूण अनेकांच्या आवाक्यात आले, हा मोठा लाभ होय. त्याबरोबर गादी उसवून, पिंजून पुन्हा उपयोगात आणण्याची सोय व ती करणारे कारागीर यांचा ऱ्हास झाला. निरुपयोगी झालेल्या कापसाच्या गादीचा भराव मातीत मिसळतो, तर कृत्रिम फेसाची विल्हेवाट लावणे ही नवी समस्या आहे.