परमुलखातली झाशी आणि वऱ्हाडचा सारा

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मराठी माणसाचा 'परमुलूख' राज्याच्या हद्दीपेक्षा भाषा, अन्न आणि ओळखपाळख यांवरून ठरत असे; नर्मदेपलीकडच्या प्रदेशाला दक्षिणेतले लोक 'हिंदुस्थान' असे वेगळे नाव देत, ते याच समजुतीने. अशा मुलखातील राजधानीत ऐन धामधुमीत अडकलेल्या प्रवाशाचे दुर्मीळ मराठी कथन म्हणजे पेणजवळच्या वरसई येथील विष्णुभट गोडसे यांचा 'माझा प्रवास' हा ग्रंथ होय. घरचे कर्ज फेडण्यासाठी दक्षिणा, म्हणजे धर्मकृत्याबद्दल ब्राह्मणास मिळणारे द्रव्य, मिळवावी म्हणून ते 1857 मध्ये काकांसह उत्तरेकडे निघाले, कारण ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मथुरेस मोठा यज्ञ करणार असल्याची वार्ता कोकणात पोहोचली होती.

यज्ञ राहिला बाजूला आणि वाटेतच इंग्रजांविरुद्धच्या बंडाची बातमी येऊन थडकली, तरी ते मागे न फिरता पुढे झाशीला गेले. ईस्ट इंडिया कंपनीने 1854 मध्ये खालसा केलेल्या, पण जून 1857 नंतर पुन्हा राणी लक्ष्मीबाईंच्या हाती आलेल्या या राजधानीचे राज्यकर्ते नेवाळकर घराणे मूळचे कोकणातले असल्याने परक्या शहरातही कोकणी भिक्षुकाला आसरा मिळाला. मार्च 1858 मध्ये इंग्रज सेनापती सर ह्यू रोझने शहराला वेढा घातला, मदतीस आलेल्या तात्या टोपे यांच्या फौजेचा 1 एप्रिलला बेतवेकाठी पराभव झाला आणि 3 एप्रिलला इंग्रज सैन्य तटावरून आत उतरले.

पुढील लुटीचे वर्णन गोडसे तटावरून नव्हे, तर लपलेल्या घरातून करतात. आधी सोनेनाणे, मग तांब्यापितळेची भांडी, मग कपडे आणि शेवटी धान्य अशा क्रमाने रिकामी होत गेलेली ती नगरी एखाद्या हिशेबवहीइतकी स्पष्ट दिसते.

रोझच्या फौजेत हैदराबाद कंटिन्जंट, म्हणजे निजामाच्या खर्चाने इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमतीखाली ठेवलेले सैन्यही होते, आणि याच सैन्याच्या पगारासाठी 1853 च्या तहान्वये निजामाने वऱ्हाड प्रांत कंपनीच्या कारभारात दिला होता. त्यामुळे वऱ्हाडातील कुणब्याने भरलेला शेतसारा त्याला नावही ठाऊक नसलेल्या शहराच्या वेढ्यात खर्ची पडला असे म्हणणे वावगे ठरू नये. झाशीची कथा सांगताना वऱ्हाडची ही बाजू सहसा कोणी काढत नाही.

गोडसे यांच्या मिळकतीतले बहुतेक द्रव्य लुटारूंच्या हाती गेले. परतताना त्यांच्या खांद्यावर होती ती गंगाजलाची कावड. चिंतामण विनायक वैद्य यांनी ग्रंथ प्रसिद्ध केला तो 1907 मध्ये, लेखकाच्या मृत्यूनंतर, आणि तोही काटछाट करून.