आजींची दोरी आणि मागची भिंत

मागच्या बागेत आज जी जाळीतल्या दगडांची भिंत दिसते, तिथे सुरुवातीची काही वर्षं लाकडी भिंत होती, हे नव्या सभासदांना ठाऊक नसेल. बिल्डरने टेकडीचा उतार कापला आणि सहा फूट उंचीची माती निलगिरीच्या बल्ल्या रोवून, मागे फळ्या लावून अडवली. "तात्पुरती सोय आहे," म्हणाला. ताबा मिळाला, सोसायटी रजिस्टर झाली, तात्पुरती सोय मात्र तशीच राहिली.

भिंत सरकतेय हे सगळ्यात आधी कळलं तळमजल्यावरच्या आजींना. त्यांची कपड्यांची दोरी खिडकीच्या गजापासून एका बल्लीपर्यंत बांधलेली असे. "दर पावसाळ्यात दोरी सैल पडते रे," असं त्या सांगायच्या. दोरी जुनी झाली असेल, म्हणून आम्ही कमिटीवाले हसलो.

मग २६ जुलै २००५ आला. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, आपल्याकडेही धो धो कोसळला. सकाळी पाहतो तर भिंतीचं पोट पुढे आलेलं आणि वरच्या मातीत लांबलचक चीर! मुलांना मागे जायची बंदी केली. आजींची खाट पुढच्या खोलीत हलवली.

आपल्यातलेच एक निवृत्त इंजिनिअर काका ओळंबा घेऊन आले. सहा फुटांत भिंत वीतभर कलली होती. मग त्यांनी बल्लीत जमिनीलगत पेचकस खुपसला, तो मुठीपर्यंत आत गेला. वरून लाकूड ठणठणीत, पण जमिनीलगत ओल आणि हवा दोन्ही मिळतात, म्हणून कूज तिथेच धरते. शेवटी त्यांनी विचारलं, "गच्चीचं पाणी कुठे सोडलंय?"

इथे मला कबुली द्यायला हवी. पुढच्या अंगणात पाणी तुंबतं म्हणून दोन वर्षांपूर्वी आम्हीच तो पाइप मागे नेऊन वरच्या मातीवर सोडला होता. खर्च वाचला म्हणून सभेत टाळ्याही पडल्या. खजिनदार मीच होतो.

मातीचा रेटा कसा मोजायचा, हे कूलोम या फ्रेंच लष्करी इंजिनिअरने १७७३ मध्ये पॅरिसच्या अकादमीपुढे मांडलं. शाळेत विजेच्या नियमात भेटतो तोच हा. उंची दुप्पट झाली की रेटा चौपट होतो. त्यात मागे पाणी साचलं, तर तो साधारण आणखी दुप्पट होतो. कोकणातला गडगा बिनचुन्याचा असतो, फटींतून पाणी निघून जातं, म्हणून तो टिकतो. आपल्या भिंतीला पाणी जायला वाट नव्हती आणि आम्ही वर गच्ची ओतत होतो.

आधी पाइप वळवला, वरची माती उतरवून भार कमी केला, चिरेवर ताडपत्री टाकली. सिंकिंग फंडाला हात लावायचा की नाही, यावर सभा रात्री साडेअकरापर्यंत चालली. कुणीतरी म्हणालं, "बल्ल्याच बदला, स्वस्तात होईल." काका एवढंच म्हणाले, "त्या पुन्हा कुजतील, तेव्हा मी नसेन." ठराव पास झाला.

पुढच्या पावसाळ्याआधी काम झालं. एकदम सगळं न उघडता, आठ-आठ फुटांचा तुकडा घेतला. घाटात दिसतात तशा तारेच्या पेट्या दगडांनी भरल्या, तळाला रुंद आणि टेकडीकडे किंचित कललेल्या. मागे माती वाहून जाऊ नये म्हणून गाळणीचं कापड आणि पायथ्याशी भोकांचा पाइप.

२९ जून २०१९ ला कोंढव्यात भिंत कोसळून पंधरा जण गेले. त्या दिवशी आम्ही जुने कमिटीवाले न ठरवता मागच्या बागेत जमलो होतो.

आजी आता नाहीत. त्यांच्या दोरीचा हुक मात्र भिंतीच्या जाळीत मुद्दाम ठेवलाय. नव्या कमिटीला एकच विनंती: दर जूनमध्ये पाइपचं तोंड साफ करा आणि ती दोरी ताणलेली आहे ना, तेवढं बघा.