मेडिकेडमधील ऐच्छिक सेवा : काटकसरीचा एक इतिहास

अमेरिकेत १९६५ साली स्थापन झालेल्या मेडिकेड योजनेत रुग्णालयीन उपचार राज्यांवर बंधनकारक, तर प्रौढांचे दंतोपचार ऐच्छिक ठरविण्यात आले. परिणामी आर्थिक अरिष्टात कात्री प्रथम ऐच्छिक सेवांवरच चालली. जुलै २००९ मध्ये कॅलिफोर्नियाने प्रौढांचे बहुतांश दंतोपचार वगळले. दुखणे मात्र वगळता आले नाही. दातांच्या तक्रारींसाठी रुग्णालयांच्या आपत्कालीन विभागात येणाऱ्या लाभार्थ्यांचे प्रमाण वाढल्याचे पुढील संशोधनात आढळले. तेथे बहुधा वेदनाशामके मिळत, मूळ विकार तसाच राही. मे २०१४ मध्ये काही व जानेवारी २०१८ मध्ये उर्वरित सेवा पूर्ववत झाल्या. ‘ऐच्छिक’ हा शब्द कायद्यातील वर्गवारी दर्शवितो, रुग्णाची गरज नव्हे, हेच या कालखंडावरून स्पष्ट होते.