होलोकॉस्ट : होमार्पण की संहार?

वैजापूर परिसरात फाल्गुनी पौर्णिमेची होळी पेटते, तेव्हा बहुधा आपला प्रायश्चित्तकाळ सुरू असतो. अशाच एका संध्याकाळी इंग्रजी शाळेत शिकणाऱ्या मुलाने आम्हांस विचारले, "होलोकॉस्ट हा शब्द होळीवरून आला का?" नाही, हे साम्य केवळ उच्चाराचे. परंतु त्या शब्दात जळणे आहेच, आणि त्याचा इतिहास आपल्या वेदीपासून सुरू होतो.

ग्रीक भाषेत 'होलोस' म्हणजे संपूर्ण व 'काउस्टोस' म्हणजे जळलेले. जुन्या करारातील 'ओला' ह्या हिब्रू शब्दासाठी ग्रीक भाषांतरकारांनी हा जोडशब्द योजला. हिब्रू शब्दाचा मूळ भाव 'वर जाणे' असा आहे. धूर देवाकडे चढतो तो. लेवीय ग्रंथात ह्या अर्पणाचे सारे मांस अग्नीला दिले जाई, याजकाला मिळे ते फक्त कातडे. मराठी बायबलात ह्यालाच 'होमार्पण' किंवा 'होमबली' म्हटले आहे. ग्रीकमधून हा शब्द लॅटिनमध्ये आणि १६०९-१० च्या डुए येथील कॅथोलिक भाषांतराने इंग्रजी जुन्या करारात आला.

विसाव्या शतकात त्याचे भाग्य फिरले. नाझी राजवटीने सुमारे ६० लाख ज्यू गोळ्या घालून, विषारी वायूने, उपासमारीने मारले. असंख्य प्रेते भट्ट्यांत जाळली. ह्या अत्याचाराला हे नाव १९५० नंतर रूढ होऊ लागले आणि १९७८ च्या एका अमेरिकन दूरचित्रवाणी मालिकेने ते घरोघरी पोहोचवले.

अनेक ज्यूंना मात्र ते खुपते, आणि आम्हांस त्यांचे म्हणणे पटते. होमार्पण देवाला वाहिले जाते. त्या माणसांना कोणी वाहिले, कोणाला? मारेकऱ्याला याजक ठरवणारा शब्द कसा चालावा? म्हणून ते 'शोआ', म्हणजे महाविनाश, म्हणतात. १६ मार्च १९९८ रोजी व्हॅटिकनने ह्या विषयावर निवेदन काढले, तेव्हा मथळ्यात 'शोआ' हाच शब्द घेतला. २०११ मध्ये अमेरिकेतील कॅथोलिक बायबलाच्या सुधारित आवृत्तीतून 'होलोकॉस्ट' वगळून तेथे 'जाळून केलेले अर्पण' ह्या अर्थाचे साधे इंग्रजी शब्द घातले. भारतातील इंग्रजी मिस्साच्या वाचनांतही २०२० पासून तेच शब्द ऐकू येतात.

त्याच छळछावण्यांत जुना अर्थ शोभेल असे एक मरण आहे. १९४१ साली आउशवित्झमध्ये उपासमारीने मारण्यासाठी निवडलेल्या एका कुटुंबवत्सल कैद्याच्या जागी फादर मॅक्सिमिलियन कोल्बे आपण होऊन पुढे झाले. १४ ऑगस्टला त्यांना विषारी सुई टोचून मारले, मग देह जाळला. त्यांनी स्वतःला दिले होते. त्या संहारात मारलेल्या लेकरांना कोणी विचारले नव्हते.

वृत्तपत्रांतून 'होलोकॉस्ट' जसाच्या तसा येतो, कधी त्याच्याशेजारी 'बलिदान'ही. आम्ही 'ज्यूसंहार' म्हणू. कोकणातील बेने इस्रायल कुटुंबांनी पिढ्यान्‌पिढ्या हीच मराठी घरात बोलली आहे. त्यांच्यासमोर बसून उच्चारता येईल असा शब्द हवा. त्या मुलालाही आम्ही तोच वहीत लिहून दिला.