ओनबाबांची नाव

बँकॉकहून अयुथ्येपर्यंत दोन-तीन दिवस चाओ फ्राया नदीतून संथ नेणाऱ्या सागवानी बोटी आता पर्यटकांच्या चांगल्या परिचयाच्या आहेत. दिवसा देवळं, मोन कुंभारांचं को क्रेत बेट, बांग पा-इनचा राजवाडा. रात्री एखाद्या देवळाच्या घाटाला नांगर. या प्रवासाचं कूळ विचारलं की लोक राजाच्या सोनेरी नौकांकडे बोट दाखवतात. मला ते पटत नाही. माझ्या मते हे कूळ स्वयंपाकाचं सामान वाहणाऱ्या एका साध्या नावेत आहे, आणि त्या नावेचं नाव एका थट्टेतून पडलं आहे.

आधी बोटीचं उरकून घेऊ. ही मुळात भातवाहू नाव, 'रुआ क्राचेंग'. रुआ म्हणजे नाव. क्राचेंग म्हणजे केवड्याच्या जातीच्या झाडांची किंवा निपा पामची पानं शिवून केलेली चटई. ती कमानीवर पसरली की छप्पर तयार. पोट गोल, मागच्या अंगाला नावाड्याचा संसार. १८५५ च्या बाउरिंग तहाने सयामचा तांदूळ परदेशी बाजारात मोकळा सुटला आणि नदीत या नावांच्या माळा दिसू लागल्या. पुढे रस्ते झाले, ट्रक आले, नावा रिकाम्या पडल्या आणि हॉटेलवाल्यांनी त्यांत पलंग आणि न्हाणीघरं बसवली. एवढं कुठल्याही माहितीपत्रकात मिळतं.

खरी मौज १९०४ सालची आहे. राजा चुलालाँगकॉर्न, म्हणजे पाचवा राम, तेव्हा पन्नास वर्षांचा होता. कामाने शिणला होता, प्रकृती बरी नव्हती, म्हणून वैद्यांनी हवापालट सुचवला. जुलैमध्ये तो बांग पा-इनहून नावांचा ताफा घेऊन निघाला. राहायच्या नावा, त्यांना ओढणाऱ्या वाफेच्या बोटी, आणि दंडक असा की गावोगावच्या अंमलदारांनी स्वागताचा घाट घालायचा नाही. हा राजा अठराव्या वर्षी, १८७२ मध्ये, ब्रिटिशांचा पाहुणा म्हणून मुंबईलाही येऊन गेला होता. सरकारी सरबराई म्हणजे काय ते त्याने तरुणपणीच पुरेपूर भोगलं होतं.

या सफरीचा वृत्तांत त्याचा भाऊ आणि गृहमंत्री राजपुत्र दामरोंग याने टोपणनावाने, मित्राला लिहिलेल्या पत्रांच्या रूपात लिहून ठेवला. त्यातली हकीकत अशी. वाटेत राजाने चार वल्ह्यांची, कमानी छपराची एक नाव विकत घेतली आणि स्वयंपाकाच्या सामानासह ती ओन नावाच्या दरबाऱ्याच्या ताब्यात दिली. थाईत वडीलधाऱ्या माणसाला सलगीने 'ता' म्हणतात, म्हणून ही झाली 'रुआ ता ओन', ओनबाबांची नाव. भरभर म्हटलं की 'ता ओन'चं 'तोन' होतं. आणि 'रुआ तोन' म्हणजे तर खाशी राजनौका! राजाला ही कोटी इतकी आवडली की पुढे वेश पालटून गावांत शिरायला तो हीच नाव वापरू लागला, आणि अशा फिरण्याला नाव पडलं 'प्राफात तोन'.

यावर शंकेखोरांचं म्हणणं असं की ओनबाबांची इथे गरजच काय? 'तोन' हा शब्द राजाच्या खाजगी वस्तूंना आधीपासून लागतोच. राजाचा हत्ती 'चांग तोन', घोडा 'मा तोन'. अठराव्या शतकातला अयुथ्येचा कवी राजपुत्र थम्माथिबेत याच्या नौकागीतातही 'रुआ तोन' आहे. तेव्हा प्राफात तोन म्हणजे सरळ राजसफर, बाकीची दामरोंगची गोष्टवेल्हाळी.

हा आक्षेप वजनदार आहे, पण एका जागी फसतो. तोन म्हणजे नुसतं 'राजाचं' असतं, तर चुलालाँगकॉर्नची प्रत्येक सफर तोन ठरली असती, आणि सफरी तर त्याने युरोपपर्यंत केल्या. नाव मिळालं ते फक्त साध्या वेशातल्या फिरण्याला. त्यानंतर राजाने दुसित राजवाड्याच्या आवारात साधं थाई पद्धतीचं लाकडी घर बांधलं, ते 'रुआन तोन'. सफरीत ओळख झालेली सामान्य माणसं झाली 'फुआन तोन', म्हणजे तोन-मित्र. राजेशाही थाटाचा शब्द असा उलटा होऊन साधेपणाला चिकटला, तो अर्थबदल थट्टेशिवाय कसा व्हावा? शिवाय दामरोंग स्वतः त्या ताफ्यात होता.

या तोन-मित्रांत दाम्नोन सादुआक कालव्याकडचा चिनी वंशाचा हुआत होता. त्याच्या आईने, फुएंगबाईने, पाहुणे कुणी दरबारचे नोकर असावेत असं समजून त्यांना जेवायला बसवलं. हुआत मात्र एका पाहुण्याकडे टक लावून बघत राहिला आणि म्हणाला, हे आमच्या देवघरातल्या तसबिरीसारखे दिसतात. तसबीर राजाची होती. हुआतला पुढे किताब मिळाला.

आता सोनेरी नौकांचा दावा. त्यांच्या शाही मिरवणुकीत बावन्न नौका आणि दोन हजारांवर वल्हेकरी असतात, डोळ्यांचं पारणं फिटतं हे कबूल. पण ती काही तासांत संपते. तिच्यात कुणी रांधत नाही, कुणी झोपत नाही. तिला प्रवासाचं मूळ म्हणणं म्हणजे वरातीच्या घोड्याला टांग्याचा पूर्वज ठरवणं.

दुसरा दावेदार जड आहे. कवी सुंतोन फू १८२८ च्या सुमारास, भिक्षू असताना, बँकॉकहून नावेनेच अयुथ्येच्या फू खाओ थोंग या स्तूपाला गेला आणि त्यावर त्याने 'नीरात', म्हणजे विरहाचं प्रवासकाव्य, रचलं. वाट जवळजवळ आजच्या बोटींचीच. म्हणून वाटेचा मान मी त्याला बिनतक्रार देतो. पण तो आपल्या दिवंगत आश्रयदात्याला, दुसऱ्या राम राजाला, आठवत चालला होता. हवापालट, चारचौघांत मिसळण्याची हौस, नावेवर शिजवलेलं जेवण आणि वाटेल तिथे मुक्काम, या चारही गोष्टी एकत्र सापडतात त्या १९०४ च्या ताफ्यात. नावा वाफेच्या बोटीमागे बांधून न्यायची तऱ्हाही भातवाल्यांचीच. हॉटेलवाल्यांनी दामरोंगची पत्रं वाचली होती, असा माझा दावा नाही. त्याची गरजही नाही. शाळकरी थाई पोरांनाही ठाऊक असलेली गोष्ट हवेतूनच मिळते.

तुम्हाला जायचं असेल तर पाऊस ओसरल्यावर, नोव्हेंबर ते फेब्रुवारीत जा, आणि एका दिवसात अयुथ्या उरकणारी बोट घेऊ नका. रात्री नदीतच मुक्काम करणारी आणि स्वयंपाक नावेवरच होणारी बोट शोधा. बाकीच्या सगळ्या मिरवणुकीच्या वंशातल्या.