न जुळणारा आकडा



पांढुर्णा आणि सौंसर हा आपला मुलूख १९५६ पर्यंत नागपूर राजधानी असलेल्या प्रांतात होता. त्याच नागपुरात १९१० च्या सुमारास चंद्रशेखर वेंकट रामन सरकारी अर्थखात्यात अधिकारी होते. पुढे २८ फेब्रुवारी १९२८ रोजी कलकत्त्यात त्यांना आढळले की, पदार्थाने विखुरलेल्या प्रकाशाचा अत्यल्प अंश रंग बदलतो आणि त्या बदलात रेणूची ओळख दडलेली असते. मात्र हा अंश इतका क्षीण, की पृष्ठभागावरील रेणूंचा एकच थर त्यातून ओळखणे अशक्यप्राय होते.

१९७४ साली इंग्लंडमध्ये साउदॅम्प्टन येथे फ्लाइशमन, हेंड्रा व मॅक्विलन यांना चांदीच्या खडबडीत विद्युदग्रावर पिरिडीनचे ठळक संकेत मिळाले. खडबडीतपणामुळे पृष्ठभाग वाढला व अधिक रेणू बसले, असे त्यांनी मानले. १९७७ साली व्हॅन डाइन व अन्य संशोधकांनी हिशेब मांडला. वाढ लक्षावधी पट होती. रेणूंच्या संख्येशी तिचा मेळ बसेना. चांदीच्या सूक्ष्म उंचवट्यांपाशी प्रकाशाचे विद्युतक्षेत्र एकवटते, हे त्यातून उलगडत गेले. आज अशाच नॅनोकणांवर अभिक्रिया चालू असतानाच जुन्या बंधांचे संकेत मावळताना व नव्यांचे उगवताना टिपता येतात.

विद्यार्थिदशेत प्रयोगवहीतला न जुळणारा आकडा मी निमूटपणे खोडत असे. त्याची खंत आजही आहे. मुलांनो, तो आकडा खोडू नका. त्याला कारण विचारा.