दगडावरच्या शैवाकाला नाव देताना

मराठी घरात गोडा मसाला करायचा म्हटला, की दगडफुलाची पुडी हमखास आणली जाते. करड्या-काळपट सुरकुतलेल्या पापुद्र्यांसारखे दिसणारे हे ‘फूल’ वस्तुतः फूल नव्हे. बाजारात येणारे पुष्कळसे दगडफूल दगडावरचेही नसते. ते झाडांच्या सालींवरून काढलेले असते आणि एका पुडीत अनेकदा निरनिराळ्या जाती मिसळलेल्या असतात. शास्त्रीय परिभाषेत त्याला शैवाक किंवा लायकेन म्हणतात. रोजच्या वापरातील पदार्थाच्या ओळखीची ही गत, तर उघड्या माळावरील खडकाला खपलीसारखा चिकटलेला शैवाक ओळखणे किती अवघड असेल, याची कल्पना यावी.

शैवाक ही एक वनस्पती नसून कवक आणि शैवाल यांचे सहजीवन आहे. कवक निवारा आणि ओलावा पुरवते, तर शैवाल सूर्यप्रकाशाच्या साहाय्याने अन्न तयार करते. काही शैवाकांत शैवालाची जागा नीलहरित जीवाणू घेतात. स्विस शास्त्रज्ञ सिमॉन श्वेंडेनर यांनी 1867 मध्ये हे दुहेरी स्वरूप मांडले, तेव्हा अनेक समकालीन शास्त्रज्ञांनी त्यांची टर उडवली होती. आज जगात शैवाकांच्या सुमारे 20,000 जाती मानल्या जातात. भारतातच 2,000 हून अधिक जातींची नोंद आहे. शैवाकाला दिलेले शास्त्रीय नाव नियमानुसार त्यातील कवकाचे असते.

डाग सारेच शैवाकाचे नसतात

बुलढाणा जिल्ह्यात पूर्णेचे गाळाचे खोरे सोडले, तर बहुतेक ठिकाणी दख्खनचा काळा बेसाल्ट उघडा दिसतो. याच बेसाल्टमध्ये उल्कापाताने निर्माण झालेले, सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाचे लोणारचे विवर आहे. त्याच्या उतारावरील शिळा, बोथा घाटातील कातळ, दैत्यसूदन मंदिराच्या भिंती, सिंदखेडराजा येथील लखुजीराव जाधवांची समाधी, अशा कोणत्याही जुन्या दगडापाशी थांबले, तरी त्यावर पांढरे, करडे, पिवळे, काळे ठिपके दिसतात.

मात्र यांतील प्रत्येक ठिपका शैवाकाचा नसतो. बेसाल्टच्या पोकळ्यांत झिओलाइट या खनिजाचे पांढरे स्फटिक असतात. लोखंडाच्या अंशामुळे दगडावर तांबूस गंज चढतो. पावसाचे पाणी ओघळते तेथे नीलहरित जीवाणूंचे काळे पट्टे उमटतात. भिंतीतून झिरपलेले क्षार पांढरी पुटे धरतात. यांखेरीज जुना चुना, तेल, शेंदूर आणि हळद ही माणसाची भर आहेच. म्हणून पहिला प्रश्न ‘हा कोणता शैवाक?’ असा नसून ‘हा शैवाक आहे का?’ असा असतो. त्याचे उत्तर दहापट मोठे दाखवणाऱ्या साध्या भिंगातून बहुधा मिळते. कडेची ठरावीक वाढ, पृष्ठभागावरील बारीक भेगा, बीजाणू तयार करणाऱ्या इवल्या बश्या किंवा बुडालेले काळे बिंदू दिसले, तर तो शैवाक असण्याची शक्यता बळावते.

रंगाचा चकवा

नवख्या निरीक्षकाला सर्वांत जास्त फसवतो तो रंग. चैत्रात राखाडी आणि निर्जीव वाटणारी खपली आषाढातल्या पहिल्या सरींनंतर हिरवट दिसू लागते, कारण ओलाव्याने वरचा थर पारदर्शक होऊन आतले शैवाल डोकावते. पेल्टुला या वंशातील शैवाक तापलेल्या खडकांवर तग धरतात. पण त्यांचे तपकिरी-शेवाळी खवले कोरड्या ऋतूत काळ्या दगडावर नजरेसही पडत नाहीत.

दोन पिवळ्या शैवाकांचे नाते असेलच असेही नाही. कॅलोप्लाका गटातील अनेक शैवाकांचा नारिंगी रंग पॅरिएटिन या द्रव्यामुळे येतो. त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणाचा थेंब टाकला की तो तत्काळ जांभळट लाल होतो. कॅन्डेलॅरिएला किंवा अ‍ॅकॅरोस्पोरा या वंशांतील पिवळ्या शैवाकांत रंगद्रव्येच वेगळी असल्याने तसा स्पष्ट बदल होत नाही. मात्र या चाचणीवरही आंधळा विश्वास ठेवता येत नाही. हळदीला चुना लावला की ती लाल होते, हे कुंकू करणाऱ्यांना पूर्वापार ठाऊक आहे. देवस्थानाच्या दगडावर उधळलेली हळदही अल्कलीने तशीच लाल होईल. आधी भिंग आणि मग रसायन, हा क्रम त्यासाठीच पाळायचा.

रंगावरून निष्कर्ष काढता येत नाही, याचा प्रत्यय लोणारकरांनी जून 2020 मध्ये घेतला आहे. सरोवराचे पाणी एकाएकी गुलाबी झाले, तेव्हा तर्कवितर्कांना ऊत आला. अखेर पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासले आणि हा रंग क्षारप्रिय हॅलोआर्किया सूक्ष्मजीवांचा असल्याचे स्पष्ट केले.

भिंगापासून प्रयोगशाळेपर्यंत

वाढीच्या ठेवणीनुसार शैवाकांचे ढोबळमानाने तीन प्रकार पडतात: पानासारखे, झुडपासारखे आणि खपलीसारखे. पहिले दोन दगडावरून सोडवून घेता येतात. खपलीसारखे शैवाक मात्र दगडाशी एकजीव झालेले असतात. नमुना घ्यायचा तर छिन्नीने दगडाची कपचीच काढावी लागते. नेमक्या याच गटाची खडकांवर रेलचेल असते.

पुढे पात्याने पातळ काप काढून सूक्ष्मदर्शकाखाली बीजाणू पाहतात. त्यांची संख्या, आकार, रंग आणि त्यांतील पडदे यांवरून वंश ठरतो. कॅलोप्लाका गटात बीजाणूचे दोन कप्पे दोन टोकांना असतात आणि मधून बारीक नळी जाते, ही खूण सहसा चुकत नाही. परंतु कित्येक शैवाकांना बश्या येतच नाहीत. अशा वेळी त्यांतील आम्लांची ओळख पटवण्यासाठी पातळ थरावरील वर्णलेखनाचा, म्हणजे क्रोमॅटोग्राफीचा आधार घ्यावा लागतो. अलीकडे डीएनएचीही मदत होते. तथापि ताडून पाहण्यासाठी खात्रीशीर ओळखलेला नमुना संग्रही नसेल, तर तीही अपुरी पडते.

या क्षेत्रातील भारतीय कामाचा पाया भक्कम आहे. लखनौचे डॉ. डी. डी. अवस्थी यांनी मोठ्या शैवाकांच्या ओळखीची तालिका 1988 मध्ये, तर सूक्ष्म शैवाकांची 1991 मध्ये प्रसिद्ध केली. महाराष्ट्रात आघारकर संस्थेतील डॉ. पी. जी. पटवर्धन आणि डॉ. उर्मिला मखिजा यांनी दीर्घकाळ संशोधन केले. या संस्थेच्या आजरेकर कवक संग्रहात शैवाकांचे नमुने जतन केलेले आहेत. तथापि जुन्या तालिका वापरताना नावे बदलल्याचे भान हवे. एकट्या कॅलोप्लाका वंशाची 2013 मध्ये अनेक वंशांत विभागणी सुचवली गेली आहे.

नाव कशासाठी हवे?

एवढा खटाटोप केवळ हौसेखातर नाही. काही शैवाक आम्ले स्रवून आणि तंतू दगडात रुजवून शिल्पांची झीज घडवतात. काही मात्र ऊन-पावसापासून पृष्ठभागाला आडोसा देतात. दगडावर कोणता शैवाक आहे हे न जाणता तारेच्या ब्रशने घासून स्वच्छता केली, तर शैवाकासोबत कोरीव कामही झिजण्याचा धोका असतो. हवेच्या प्रदूषणाचे मापन करायचे, तरी जात ठाऊक असावी लागते. कारण धूर सोसण्याची प्रत्येकीची क्षमता निराळी असते. चुकीचे नाव एकदा यादीत शिरले, की ते पुढच्या याद्यांतही उतरत जाते.

खपलीसारखे अनेक शैवाक वर्षाला एक मिलिमीटरहूनही कमी वाढतात. तळहाताएवढा डाग कित्येक दशकांचा असू शकतो. लोणारचा परिसर अभयारण्य आहे आणि 2020 पासून सरोवर रामसर स्थळही आहे. तेथील नमुना घेण्यास वन विभागाची परवानगी हवी, तर संरक्षित स्मारकांवर छिन्नी किंवा रसायन चालवण्याचा अधिकार सामान्य पर्यटकाला मुळीच नाही.

मग हौशी निरीक्षकाने काय करावे? कोरड्या आणि ओल्या, अशा दोन्ही ऋतूंत एकाच डागाची छायाचित्रे घ्यावीत. शेजारी मोजपट्टी ठेवावी. दगडाचा प्रकार, दिशा, ऊन-सावली आणि तारीख टिपून ठेवावी. नावापुढे ‘कॅलोप्लाका गटातील एक जात’ एवढेच लिहिता आले, तरी त्यात कमीपणा नाही. पुढे एखादा अभ्यासक त्याच दगडापाशी पोहोचेल, तेव्हा अशी प्रामाणिक अपुरी नोंद त्याच्या उपयोगी पडेल. ठामपणे लिहिलेले चुकीचे नाव मात्र त्याची दिशाभूल करील.